कोल्हेकुईची वही

आमच्या खांब गावाच्या पूर्वेला भातशेती संपते आणि वरकस जमीन सुरू होते, तिथल्या शेवटच्या बांधावर एक काळा दगड आहे. गुडघ्याएवढा, माथ्याला सपाट. शेताची हद्द दाखवायला कोणीतरी कधीतरी पुरलेला. लहानपणापासून मी त्याच्यावर बसत आलो. त्या दगडावर आणखी कोणाचा तरी हक्क आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, तेही कातकरवाडीतल्या नानानं दाखवलं तेव्हा.

मार्गशीर्ष होता. भात झोडून झालेलं, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, आणि मोकळ्या खाचरांत वाल वीतभर वर आलेला. नाना दगडासमोर उकिडवा बसला. दगडाच्या माथ्यावर अंगठ्याएवढ्या जाडीची, एका टोकाला पिळून निमुळती झालेली विष्ठा होती, उन्हानं वरून पांढुरकी पडलेली. नानानं करवंदीची काटकी मोडली आणि हलक्या हातानं ती उकलायला लागला. आधी बोराच्या दोन आठळ्या निघाल्या. मग उंदराच्या करड्या केसांचा गुंता. शेवटी नखाएवढा, नारिंगी छटेचा कडक तुकडा. चिंबोरीच्या नांगीचा.

"बोर वरचं," डोंगराकडं हनुवटी उडवत नाना म्हणाला. "चिंबोरी व्हाळातली. आन् उंदीर तुज्या खळ्यावरचा."

एका काटकीच्या टोकाशी एका रात्रीची सगळी वाट उलगडली होती. डोंगरउताराच्या बोरीपासून व्हाळापर्यंत, व्हाळापासून आमच्या खळ्यापर्यंत, आणि पहाटे परत या दगडावर. मी त्या रात्री खळ्यापासून पन्नास पावलांवर झोपलेला होतो. उंदीर धरला गेला, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

कोल्हा विष्ठेसाठी आडोसा शोधत नाही. वाटेवरचा दगड, बांधाची टोक आलेली कड, वारुळ, अशी उंच जागा बघून तो मुद्दाम तिथं ठेवतो, म्हणजे येणाऱ्या दुसऱ्या कोल्ह्याच्या नाकाच्या उंचीला ती येते. ही जागा कोणाची, इथं नर-मादी राहतात का, शेवटचं इथून कोण कधी गेलं, हे सगळं त्यात असतं. आपण सातबारा काढायला तलाठ्याकडं जातो. माझ्या सातबाऱ्यावरच्या जमिनीचा दुसरा उतारा या दगडावर रोज नव्यानं लिहिला जात होता, आणि मला तो वाचता येत नव्हता.

त्या दिवसापासून मी वही घातली.

खांब म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. नागोठणं सोडून सुकेळी खिंड उतरली की येतं, आणि कोलाड यायच्या आत मागं पडतं. गाडीतून जाणाऱ्याला दिसतात ती रस्त्याकडेची दुकानं, उन्हाळ्यात कलिंगडांचे ढीग आणि गेली कित्येक वर्षं चाललेलं रस्त्याचं काम. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरांचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा जन्मलेली मुलं आता स्वतः सायकली मारत त्या रस्त्यावरून जातात. पण रस्त्याला पाठ करून दहा मिनिटं चाललं की गाव वेगळं होतं. खाचरं, व्हाळ, त्यापलीकडं वरकस, मग ऐन-किंजळाचं रान आणि वर डोंगराची कड. कोल्ह्याला नेमकी ही शिवण लागते. घनदाट रान त्याचं नव्हे, उघडं शेतही त्याचं नव्हे. दोन्ही जिथं एकमेकांना टाचलेली असतात तिथं तो राहतो.

माझा आजा शिकारी होता. शेताच्या राखणीसाठी मिळालेल्या परवान्यावरची ठासणीची बंदूक घरात होती. नाना तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा, आजाच्या मागं हाकाऱ्यांत जायचा. दसऱ्याला कोयता, विळा, पाटीबरोबर बंदुकीचीही पूजा व्हायची आणि तिथून शिमग्यापर्यंत शिकारीचे दिवस. पण नाना सांगतो की खरी शिकार त्याआधीच होऊन गेलेली असायची. नवरात्राच्या नऊ दिवसांत आजा घरी जेमतेम जेवायला यायचा. बंदूक खुंटीलाच. तो नुसता फिरायचा. कुठल्या खाचरात डुकरांनी माती उकरली, भेकर कुठल्या पायवाटेनं पाण्याला येतं, सशाच्या लेंड्या ताज्या कुठं, व्हाळाच्या ओल्या रेतीत रात्री कोण गेलं, हे बघत. आमच्याकडं त्याला 'माग काढणं' म्हणतात. रान आधी डोक्यात बसवायचं, मग पायांनी चालायचं.

आणि या सगळ्यात कोल्हा ही शिकार नव्हती. आजानं कोल्हा कधी मारला नाही. कोल्हा त्याचा बातमीदार होता. संध्याकाळी कोल्हे नेहमीच्या जागी ओरडले तर रान स्वस्थ आहे. ओरडायच्या वेळी गप्प राहिले तर काहीतरी फिरतंय. आणि भालू ओरडली, म्हणजे एकट्या कोल्ह्याचा तो वेगळाच, फाटक्या गळ्याचा, पुन्हा पुन्हा तुटणारा आवाज आला, तर बिबट्या जवळ आहे. गावात भालू ओरडणं अशुभ. आजा मात्र तो आवाज आला की हाकाऱ्यांना मागं बोलवायचा. त्याच्या लेखी त्यात शुभ-अशुभ काही नव्हतं, बातमी होती.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचे दिवस संपले. ते योग्यच झालं. मी हे तोंडदेखलं म्हणत नाही. आजाच्या काळात भेकरं किती होती आणि नंतर किती उरली हे नानाच सांगतो, आणि सांगताना त्याचा आवाज खाली जातो. कोल्हा तर २०२२च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला, वाघ-बिबट्याच्या पंगतीला. पण त्या बंदीबरोबर एक गोष्ट हातातून निसटली. तिची बंदी कोणीच घातली नव्हती. बंदूक खुंटीवरून उतरली आणि तिच्याबरोबर रानात जाणारे पायही घरात बसले. नवरात्रात नऊ दिवस व्हाळाची रेती वाचणारं घरात कोणी उरलं नाही. माझ्या वडिलांना कोल्ह्याचा आणि कुत्र्याचा ठसा वेगळा ओळखता यायचा. मला येत नव्हता. माझ्या मुलाला तर कोल्हा म्हणजे द्राक्षं आंबट म्हणणारा, एवढाच ठाऊक.

ठसा मी शिकलो तो नानाकडून, कालव्याच्या कडेला. पाणी सोडून दोन दिवस झाले होते आणि गाळ लोण्यासारखा बसला होता. कुत्र्याचा पंजा पसरट, गोलसर. कोल्ह्याचा लांबट, अरुंद, नखं पुढं टोचलेली. पण खरी खूण मधल्या दोन बोटांची. कोल्ह्याच्या त्या दोन गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना जुळलेल्या असतात. गाळात तो भाग छोट्या घोड्याच्या नालासारखा उमटतो. नानाला ही खूण कोणी पुस्तकातून सांगितलेली नाही आणि पुस्तकं लिहिणाऱ्यांनी ती नानाला विचारलेली नाही, पण दोघंही तेच सांगतात. दुसरी खूण चालीची. कुत्रं इकडंतिकडं हुंगत, वळत, थांबत जातं. कोल्हा दोरीवर चालल्यासारखा सरळ जातो. त्याला कुठं जायचंय ते माहीत असतं.

माझा भाचा अमेरिकेत कोलोराडोत असतो. त्याच्याशी फोनवर बोलताना वहीचा विषय निघाला, तर तो हसून म्हणाला, "मामा, इथं माझ्या कंपनीतले दोघं हेच करतात. कोयोटसाठी." कोयोट म्हणजे तिकडचा कोल्ह्याचा चुलतभाऊ. शास्त्रज्ञांनी आपल्या कोल्ह्याला नाव दिलं सोनेरी, कानिस ऑरियस, आणि त्याला नाव दिलं भुंकणारा, कानिस लॅट्रान्स. हे लोक थंडीच्या तोंडावर, कोयोटच्या अंगावर दाट केस येतात त्याच्या आधी, रात्री गाडी घेऊन शेतांमधल्या कच्च्या रस्त्यांवर जातात. थांबून सायरन वाजवतात किंवा तोंडानं हाळी घालतात. उत्तर आलं की नकाशावर टिंब. अशी आठ-दहा टिंबं जमली की जागा पक्क्या. पुढं बंदूक. तिथल्या बऱ्याच राज्यांत कोयोट वर्षभर मारता येतो, बंदीचे महिने नाहीत. आणि तरीही, शंभर वर्षं माणसं त्याला मारत असतानाच, तो जवळजवळ सगळ्या उत्तर अमेरिकेत पसरला. लांडगे नाहीसे झाले त्या जागा त्यानं घेतल्या. युरोपातही आपला सोनेरी कोल्हा असाच उत्तरेकडं सरकत गेलेला आहे.

"तुमच्याकडं सीझन कधी सुरू होतो?" भाच्यानं विचारलं. तो इथं वाढलेला नाही, त्याला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडं सीझन नाही. पण त्याचं टिंबांचं वर्णन मला सोडेना. आजाच्या नवरात्रासारखंच होतं ते. मी शोधलं, तर कळलं की ग्रीस, हंगेरी, बल्गेरियात संशोधक कोल्हे मोजतात ते याच रीतीनं. ध्वनिमुद्रित कोल्हेकुई वाजवायची, थांबायचं, उत्तर कुठून येतं ते टिपायचं. दिसणारा प्राणी मोजता येतो. कोल्हा दिसत नाही, म्हणून तो कानानं मोजायचा.

मग मीही मोबाइलवर कोल्हेकुई उतरवून घेतली, एक छोटा स्पीकर आणला आणि मोठ्या उत्साहानं नानाकडं गेलो. पौषातली संध्याकाळ. बांधावर त्या दगडापाशी आम्ही बसलो. मी स्पीकर काढला तसा नानानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नको वाजवू."

मी म्हटलं, नाना, मारायचं थोडंच आहे, मोजायचंय.

नाना बराच वेळ बोलला नाही. मग सांगितलं. तरुणपणी तो कोल्ह्याची हुबेहूब हाळी घालायचा. दोन्ही तळहात तोंडाशी धरून, जीभ टाळूला लावून. त्यानं हाळी घातली की समोरच्या टेकाडावरून उत्तर यायचं, आणि पाच-सात मिनिटांत दोन डोळे करवंदीच्या जाळीशी उभे राहायचे. आजाबरोबर असताना तो हे नुसतं रान चाचपायला करायचा. पण आजानंतर दुसऱ्या एका माणसाबरोबर त्यानं ते केलं, आणि तो माणूस कातड्यासाठी आला होता. नानाच्या हाळीवर मादी आली. तिच्या मागं तिचं वर्षाचं पिल्लू.

"मी बोलवली आन् ती आली," नाना म्हणाला. "मंग मी परत कंदी बोलवली नाय. उगा बोलवायचं नाय रे. कोणी आलं तर आपल्याकडं द्यायला काय हाय?"

मी स्पीकर पिशवीत ठेवला. तो आजतागायत पिशवीतच आहे.

बोलवायचं नाही, तर मग थांबायचं. आम्ही आमची रीत ठरवली. थंडीच्या दिवसांत, अमावास्येच्या आगेमागे, पाच संध्याकाळी. मी दगडाशी, नानाचा नातू कालव्याच्या पुलाशी. दोघांकडं घड्याळ, दोघांकडं वही. आवाज आला की वेळ आणि दिशा लिहायची. घरी येऊन दोघांच्या दिशांच्या रेघा कागदावर ओढायच्या आणि जिथं त्या छेदतात तिथं टिंब द्यायचं. इतकं साधं आहे. सूर्य साडेसहाच्या आत मावळतो, कोल्हे त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात बोलतात. पुन्हा पहाटे उजाडायच्या आधी. मधल्या रात्री क्वचित.

आणि एक उत्तर कधीकधी आपसूक मिळतं. महामार्गावरून रुग्णवाहिका गेली की तिचा सायरन व्हाळापर्यंत पोचतो. कोल्ह्यांना तो आपल्यातल्याच कोणाचा वाटतो. कोणाच्या तरी घरावर आलेली वेळ रस्त्यानं जात असते आणि डोंगरउतारावरून तिला ओ येते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आता सायरन वाजला की मी आधी त्या गाडीतल्या माणसासाठी हात जोडतो, मगच वही उघडतो.

कानाची मोजणी फसवी असते हे लवकरच कळलं. पहिल्या संध्याकाळी डोंगराच्या अंगाला असा कल्लोळ उठला की मी वहीत लिहिलं, 'सात-आठ कोल्हे'. नाना हसला नाही, फक्त म्हणाला, "दोन." एक सुरू करतो, लांब, चढत जाणारा सूर लावतो. दुसरा त्याच्यात शिरतो. दोघंही आवाज इतक्या वेगानं वरखाली फिरवतात, मधे भुंकतात, किंचाळतात, की ऐकणाऱ्याला पंचायत भरल्यासारखी वाटते. शेजारच्या कोल्ह्यांनाही तसंच वाटावं हा त्यातला भाग असावा. म्हणून आम्ही कोल्हे मोजायचं सोडलं आणि घरं मोजायला लागलो. कोल्हा जोडीनं राहतो, वर्षानुवर्षं त्याच जोडीनं. मादी दोन महिने पोटाशी पिल्लं वाढवते, आणि मागच्या वर्षीचं एखादं थोरलं पिल्लू नव्या भावंडांसाठी भक्ष्य आणून देत आईबापांजवळच राहतं. एकेका दिशेचा कल्लोळ म्हणजे एकेक कुटुंब.

आपल्या गोष्टींमध्ये कोल्ह्याचं कुटुंब कुठंच नाही. पंचतंत्रातले करटक आणि दमनक दरबारी कारस्थानी. शांतिपर्वातला गोमायू स्मशानात शोक करणाऱ्या माणसांना सांज होईपर्यंत थांबवून धरू पाहतो, कारण अंधार पडला की गिधाड जाईल आणि प्रेत त्याला मिळेल. हजारो वर्षं आपण त्याला लबाड म्हणत आलो. भावाबहिणींसाठी उंदीर तोंडात धरून दोन डोंगर चालणारं वर्षाचं पोर कोणाच्या कथेत आलं नाही. म्हणी त्यातल्या त्यात प्रेमळ. कोल्हा काकडीला राजी. हे अगदी खरं आहे, आमच्या कलिंगडवाल्यांना विचारा. सकाळी सकाळी काही चांगलं घडलं तर कोल्ह्याचं तोंड पाहिलं का, असंही विचारतात. आणि उन्हात पाऊस आला की कोल्ह्याचं लग्न. ज्यानं ते पहिल्यांदा म्हटलं त्यानं नक्कीच नर-मादीला जोडीनं ओल्या उन्हात बांधावरून जाताना पाहिलं असणार.

वाईट आहे ते शिंगाचं. कोल्ह्याच्या डोक्यात शिंग असतं आणि ते घरात ठेवलं की भरभराट होते, अशी समजूत अजून आहे. कोल्ह्याला शिंग नसतं. विकतात ती कातडी आणि केसांची बनवलेली गाठ असते, आणि त्या गाठीसाठी जिवंत कोल्हा मारावा लागतो. माझ्याकडंही एकदा एक माणूस असं शिंग विकायला आला होता. मी त्याला दारात उभं केलं, नांगीचा आणि बोराच्या आठळ्यांचा तो जपून ठेवलेला कागद उघडून दाखवला आणि म्हटलं, कोल्ह्याकडून घरात काय येतं ते हे बघ. उंदीर कमी होतात, बोरीची रोपं उगवतात. तो निघून गेला. त्याला पटलं असेल असं नाही, पण मला सांगायचं होतं ते मी सांगितलं.

रोह्याच्या पलीकडं, मुरूडच्या अंगाला फणसाडचं अभयारण्य आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं ते राखीव शिकारीचं रान. १९८६ साली अभयारण्य झालं. तिथं बारमाही पाण्याच्या जागांना गाण म्हणतात, चिखलगाण वगैरे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणात बसून प्राणी टिपायची आपल्याकडं रीत आहे. ज्या रानात एके काळी मचाणावर बंदुका बसत, तिथं चांदण्यात वह्या घेऊन बसता येतं, याचं मला मोठं समाधान वाटतं. पण अभयारण्याच्या रेषेबाहेरचं मोजायला कोणी बसत नाही. आणि कोल्हा तर बहुतेक रेषेबाहेरच राहतो. शेतात, व्हाळात, पेण-वडखळकडच्या खारेपाटात जिताड्याच्या तलावांच्या काठानं आणि खाडीच्या कांदळवनात चिंबोऱ्या शोधत. जगाच्या यादीत तो 'चिंता नसलेल्या' रकान्यात आहे. त्या रकान्याचीच मला काळजी वाटते. चिमण्यांचीही आपण चिंता केली नव्हती.

चिंता का करायची ते रस्ता सांगतो. मागच्या फाल्गुनात पहाटे मी कोलाडकडं निघालो होतो. रस्त्याच्या मधल्या, नव्यानं ओतलेल्या काँक्रीटच्या कडेला काहीतरी पडलेलं होतं. कुत्रं समजून मी पुढं गेलो, आणि मग शेपटीचं काळं टोक डोळ्यांत राहिलं म्हणून परत आलो. मादी होती. अंग अजून गार झालेलं नव्हतं. दहा किलोही भरली नसती. मी उचलली तेव्हा माझ्या मुलीला बालवाडीतून आणताना जेवढं ओझं वाटायचं तेवढं वाटलं. कानामागचे केस गव्हाळ, मानेवर करडे, आणि पुढच्या पायाच्या पंजाला ती खूण, मधल्या दोन जुळलेल्या गाद्या. कालव्याच्या गाळात जी मी इतक्यांदा वाकून पाहिली होती. तिचं पोट खाली ओघळलेलं होतं. पिल्लं पोटात होती की कुठल्या बिळात वाट बघत होती, ते मी पाहिलं नाही. तिला रस्त्याच्या उतारावरून खाली नेऊन घाणेरीच्या जाळीत ठेवलं, दगड रचले आणि वनरक्षकाला फोन करून सांगितलं. कोलाडला जायचं राहिलं.

आणि कुत्री. रस्त्याकडेला ढाबे आले, ढाब्यांमागं उष्टं आलं, उष्ट्यावर कुत्री आली. कुत्र्यांचा रोग कोल्ह्याला लागतो. २०२४ साली मुंबईत चेंबूरच्या बाजूला मेलेल्या कोल्ह्यांमध्ये रेबीज निघाला तेव्हा शहरातल्या लोकांना कळलं की मुंबईत कोल्हे आहेत. तिथल्या कांदळवनातल्या कोल्ह्यांचा निदान अभ्यास सुरू झालेला आहे. आमच्याकडं मी, नाना, त्याचा नातू आणि शंभर पानी वही.

या वर्षी तिसरा हिवाळा. पहिल्या हिवाळ्यात आमच्या कागदावर चार टिंबं होती. उत्तरेला सुकेळीच्या अंगाला एक. पूर्वेला डोंगरउतारावर एक, तेच दगडाचे मालक. दक्षिणेला कालव्याच्या पलीकडं एक. आणि पश्चिमेला, रस्ता ओलांडून जी गवताळ पडीक जमीन होती तिथं एक. दुसऱ्या हिवाळ्यात पश्चिमेचं टिंब पाचातल्या दोनच संध्याकाळी मिळालं. आणि मग फाल्गुनात रस्त्यावर ती.

परवा पाचवी संध्याकाळ होती. दिवसा वाडीतल्या पोरांनी पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, वर पेंढ्याचा जाळ. त्याचा वास अंगाला तसाच घेऊन आम्ही बांधावर गेलो. नातू या वेळी कालव्यावर नव्हता, परीक्षेसाठी रोह्याला गेला होता, म्हणून नाना माझ्याजवळच बसला. थंडी होती. नानानं घोंगडी गुडघ्यांवर घेतली. दगडावर त्या सकाळची ताजी विष्ठा होती, आम्ही तिच्यापासून दोन हात लांब बसलो.

सात वाजायला आठ मिनिटं असताना पूर्वेच्यांनी सुरुवात केली. लगेच दक्षिणेनं ओ दिली. मी लिहीत होतो तोवर उत्तरेकडून, लांबून, बारीक, तिसरा आवाज चढला. तिन्ही एकमेकांत मिसळले, दोन मिनिटं सगळं शिवार भरून गेलं, आणि तोडल्यासारखं थांबलं. मी पश्चिमेकडं कान करून बसलो. तिकडं आता मुरूम पडलाय, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेत, सिमेंटच्या खांबांवर तारेचं कुंपण आहे. एका खांबावरचा दिवा नुसता जळत होता.

सात वीसला नागोठण्याच्या बाजूनं सायरन आला. मी हात जोडले. गाडी खिंड उतरून गावातून कोलाडकडं गेली. पूर्व, दक्षिण, उत्तर, तिघंही पुन्हा बोलले. आम्ही थांबलो. नानाचे दोन्ही तळहात घोंगडीतून बाहेर आले आणि नकळत तोंडापर्यंत गेले. तिथं ते क्षणभर तसेच राहिले. मग त्यानं ते खाली घेतले आणि गुडघ्यांवर ठेवले.

मी वही मिटायला लागलो.

"लिवलंस?" नानानं विचारलं.

"लिहिलं. तीन."

"त्ये नाय. तिकडचं."

"तिकडून काही आलंच नाही, नाना."

"त्येच लिव," नाना म्हणाला.

मी वही पुन्हा उघडली. बॅटरीचा उजेड पानावर धरला. वेळ, सात वीस. दिशा, पश्चिम. पुढचा रकाना आवाजाचा. त्यात मी लिहिलं, 'उत्तर नाही'. नानानं वाकून पाहिलं. त्याला वाचता येत नाही, पण अक्षरं किती जागा घेतात ते त्यानं पाहिलं, आणि घोंगडी पुन्हा नीट ओढून घेतली. आम्ही आणखी पाव तास बसलो.